मध वर्ज्य, मग मोहोळ जाळायचे कसे?

तानसा जलाशयाभोवतीच्या रानात काटेसावर आणि पळस फुलू लागले की शहापूर-मुरबाडकडील घरांतून दरवर्षी तीच चिंता ऐकू येते. पडवीच्या वाशाला, पाण्याच्या टाकीखाली, अंगणातल्या आंब्याला मोहोळ बसले आहे. आता काय करावे? उपायही बहुधा ठरलेला असतो. रात्र पडली की काठीला चिंध्या गुंडाळून टेंभा पेटवला जातो, किंवा शहरातून औषध फवारणारा माणूस बोलावला जातो. सकाळी अंगणात मेलेल्या माश्यांचा थर झाडून काढतात आणि प्रश्न मिटला असे समजतात.

जैन गृहस्थापुढे मात्र तो मिटत नाही. मध ही महाविगई मानली गेली आणि मद्य-मांसाच्या पंक्तीत बसवून वर्ज्य ठरली. पोळे पिळताना अंडी, अळ्या आणि माश्या यांचा घात होतो, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. मधमाशी चतुरिंद्रिय जीव आहे. स्पर्श, रस, गंध आणि रूप ही चारही ज्ञाने तिला आहेत. तिच्या घाताचा दोष लागू नये म्हणून जे घर पिढ्यान्‌पिढ्या मधाचे बोट चाटत नाही, त्याच घराच्या ओसरीवर अख्खी वसाहत जाळली जावी, यासारखी विसंगती नाही. जाळणारा हात दुसऱ्याचा होता, एवढ्याने सुटकाही होत नाही. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला संमती देणे या तिन्हींचा विचार आपल्याकडे सांगितला आहे. कृत, कारित आणि अनुमोदित. पैसे मोजून बोलावलेला फवारा उघडउघड कारित आहे.

याचा अर्थ लेकराबाळांच्या डोक्यावर धोका टांगता ठेवावा असा नाही. आग्या माश्यांच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत, हे विसरून चालणार नाही. संसारी माणसाकडून अपेक्षा आहे ती जयणेची, आणि जयणेची पहिली पायरी म्हणजे समोरचा जीव कोणता हे ओळखणे. 'माशी' या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळे पाहुणे घराशी येतात आणि प्रत्येकाशी वागण्याची रीत निराळी आहे.

भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत किंवा फोटोमागे मातीची छोटी घरटी दिसतात ती कुंभारीण माशीची. ती एकटी राहते, वसाहत करत नाही. चिखलाच्या कोठडीत ती डंखाने निश्चल केलेले कोळी किंवा अळ्या भरते, अंडे घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. घरट्याची राखण करत नसल्याने ती माणसाच्या अंगावर येत नाही. मुठीत दाबली तरच चावते. घरट्याला बाहेर पडण्याचे भोक दिसले तर पिल्लू उडून गेले, ते निःशंक खरवडावे. तोंड बंद असेल तर काही आठवडे थांबावे. एवढ्या थांबण्याने कुणाचे काही अडत नाही.

गांधीलमाशीचे घरटे कागदासारखे. लाकडाचा भुसा चावून, लाळेत कालवून ती उघड्या कप्प्यांचा झुबका बारीक देठावर टांगते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या अशा एका जातीचा कित्येक दशके अभ्यास केला. त्या जातीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच असतात, आणि राणी नाहीशी झाली की कामकऱ्यांतलीच एक तिची जागा घेते. म्हणून 'मोठी माशी मारली की बाकीच्या जातील' हा समज व्यर्थ आहे. गांधीलमाश्या पिल्लांसाठी अळ्या आणि किडे वेचतात. वांगी-भेंडीच्या वाफ्यांना त्यांचा उपयोगच होतो. घरटे उंच आणि वाटेपासून दूर असेल तर तसेच राहू द्यावे, मुलांना त्या कोपऱ्यापासून दूर ठेवावे. जिन्यात, दारावर किंवा विजेच्या पेटीपाशी असेल तर मात्र जाणत्या माणसाकडून हलवून घेणे योग्य.

झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे एकच पोळे करते ती फुलोरी. ती सौम्य असते आणि थोडा त्रास झाला तरी स्वतःच जागा सोडते. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, रिकाम्या माठात समांतर अनेक पोळी बांधते ती सातेरी. ही माशी पेटीत राहते, म्हणून तिला मारण्याचे कारणच उरत नाही. प्रशिक्षित मधपाळ संध्याकाळी पोळी अलगद कापून चौकटीत बांधतो आणि राणीसह वसाहत पेटीत उतरवतो. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हे काम शिकवते आहे. भातानंतर काकडी, दोडका, भोपळा लावणाऱ्या शेतकऱ्याला तर अशी पेटी हवीच असते. या वेलींच्या नर-मादी फुलांत परागाची ने-आण झाली नाही तर फळ धरत नाही. मध न खाणाऱ्या घरानेही अशी वसाहत शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर पोचवली तर जीव वाचतो आणि शेजारधर्मही घडतो.

खरी कसोटी आग्या मोहोळाची. उघड्यावर टांगलेले एकच पोळे, कधी हात-दीड हात रुंद, कधी त्याहूनही मोठे. त्यावर हजारो माश्यांची जिवंत चादर. कडे, उंच झाडे, पाण्याच्या टाक्या आणि इमारतींचे सज्जे ही तिची आवडती ठिकाणे. अजिंठ्याच्या लेण्यांसमोरही हाच प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. धूर, फटाके, भडक अत्तर, भिरकावलेला दगड यांनी ती चवताळते. एक माशी डसली की तिच्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो इतरांना त्याच जागी बोलावतो. म्हणूनच हौशी माणसाने टेंभा घेऊन पुढे होणे हे हिंसेबरोबर मूर्खपणाचेही आहे. सुक्या रानात ठिणगी पडली तर वणवा पेटतो, तो वेगळाच.

पण आग्या कायमची राहत नाही. फुलोरा सरला, पावसाळा जवळ आला की ती पोळे सोडून स्थलांतर करते. जागा वावरापासून दूर असेल तर तेवढे दिवस दोरी बांधून वाट बंद करणे हाच उत्तम उपाय. शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा मंदिराच्या दारावर असेल तर वनविभागाला आणि अनुभवी मधपाळाला बोलवावे. ठाकूर आणि कातकरी समाजांतील जुन्या माणसांना या माशीचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने पोशाख घालून, वसाहत न जाळता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापण्याची पद्धत वनवासी मधसंकलकांना शिकवली आहे. म्हणजे मशालीला पर्याय नाही, हे म्हणणे आता खरे राहिलेले नाही.

तरीही डंख झालाच तर हात झाडू नयेत. तोंड झाकून घरात किंवा गाडीत शिरावे आणि दार लावावे. मधमाशीची नांगी कातडीत राहून विष सोडत असते, ती नखाने लगेच खरवडून काढावी. गांधीलमाशीची नांगी मागे राहत नाही, पण ती पुन्हा पुन्हा डसू शकते. अंगठ्या-बांगड्या उतरवून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. श्वास कोंडणे, चेहरा किंवा जीभ सुजणे, चक्कर येणे, अंगभर गांधी उठणे, यांपैकी काहीही दिसले किंवा अनेक डंख झाले असतील तर घरगुती लेपात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते.

या साऱ्याहून श्रेष्ठ उपाय घरटे बांधले जाण्याआधीचा. पहिल्या कप्प्याबरोबर पहिले अंडे येते. त्यानंतर काढलेले कोणतेही घरटे पूर्णपणे निर्दोष नसते. वैशाखात कौले परतताना वाशांच्या फटी बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा, नळांची उघडी तोंडे आणि मीटरच्या पेटीची भोके बारीक जाळीने झाकावीत, रिकामे माठ पालथे घालावेत. आग्या उठून गेल्यावर रिकामे पोळे खरवडून जागा धुवावी आणि सज्जाला जाळी लावावी, कारण ती पुढल्या हंगामात त्याच जागी परतू शकते. मुंबईकरांची जी घरे या भागात महिनोन्‌महिने बंद असतात, तिथे ही काळजी दुप्पट हवी. दिवाळीत कुलूप उघडताच खोलीत घुसू नये; आधी दारातून छत आणि कोपरे न्याहाळावेत.

चातुर्मासात जीवोत्पत्ती वाढते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात. गृहस्थाला घर सोडून थांबता येत नाही. पण पाऊस येण्यापूर्वी शिडी लावून वाशांकडे एकदा नजर टाकणे त्याला नक्कीच शक्य आहे. तेवढे केले तर आषाढात टेंभ्याची वेळ येणार नाही, आणि ताटातला मध टाळणाऱ्या घराचे अंगणही त्या व्रताला साजेसे राहील.