लिनक्सचा क्लास कुठे असतो हो?

आपल्याकडे कॉम्प्युटर शिकायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'क्लास कुठे आहे?' त्यात नवल नाही म्हणा. एमएस-सीआयटीने लाखो मराठी माणसांचा हात पहिल्यांदा माऊसवर ठेवला. पण त्यातून आपण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असंही शिकलो!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि नात्यातल्या काका-मावशींचे मला फोन सुरू झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. बर्डीवरच्या दुकानात सल्ला एकच, "काका, नवीनच घेऊन टाका." आता पेन्शनवरच्या माणसाने धडधाकट मशीन का म्हणून भंगारात द्यायचं? उबुंटू किंवा लिनक्स मिंट फुकट आहे. हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून आधी चालवूनही बघता येतं.

घोडं अडतं ते शिकण्यापाशी. इंग्रजीत माहितीचा समुद्र आहे, पण एका प्रश्नाला दहा उत्तरं आणि प्रत्येक वेगळ्या आवृत्तीचं! मराठीत आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे फुकट धडे. थोडं ऐकायचं, थांबवायचं, आपल्या मशीनवर करून बघायचं. पद्धत फार छान. मात्र लिनक्सचे बरेच धडे जुन्या उबुंटूवर केलेले आहेत. धड्यातला मेनू आपल्या स्क्रीनवर दिसत नाही, आणि माणूस तिथेच हात टेकतो.

आता कुणी म्हणेल, मेनू बदलतात पण कमांड बदलत नाहीत, त्याच शिका. खरं आहे. फाइल कॉपी करायची 'सीपी' कमांड युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येही होती, आजही चालते. विद्यार्थ्याने जरूर शिकावी. पण माझ्या मावशीला 'सीपी' काय कामाची? तिला नातवाचे फोटो पेन ड्राइव्हवर घ्यायचे आहेत, मराठीत पत्र टाइप करून छापायचं आहे, बँकेचं स्टेटमेंट उघडायचं आहे. ऑपरेटिंग सिस्टिम शिकणं हे तिचं काम नाहीच मुळी!

म्हणून मला वाटतं, ज्येष्ठांना कोर्स नको, कामांची यादी हवी. पाच-सहा कामं, प्रत्येकाचं मराठीत एक पान, आणि वर ठळक अक्षरात आवृत्ती व तारीख, म्हणजे पान शिळं झालं की लगेच कळेल. हे कुठलीही संस्था घरोघरी येऊन करून देणार नाही. ज्याला लिनक्स येतं त्याने आपल्या घरातल्या एकासाठी तरी लिहावं, आणि ते पान इतरांनाही द्यावं.

मी मराठी टायपिंगचं पान लिहायला घेतलंय. मंडळी, प्रिंटरचं कोण घेतंय?