पाडव्याला या, मुलालाही आणा

कॅलिफोर्नियातल्या मराठी आईबापांशी थोडं बोलायचं आहे. मार्चमध्ये युनिव्हर्सिट्यांची उत्तरं आली की मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एकच चौकशी सुरू होते: "मग, कुठे मिळालं?" आणि ज्या घरातलं मूल कम्युनिटी कॉलेजला जायचं म्हणतं, ते घर पाडव्याला तोंड दाखवत नाही. कशासाठी?

आधी पैशाचं बघा. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला एका क्वार्टर युनिटची फी ३१ डॉलर. तिथून युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर घ्यायला ९० युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,८०० डॉलरच्या आतच. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क वेगळं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, एका वर्षाची नुसती फीच याच्या पाचपट, राहणं-जेवणं धरलेलंच नाही. (भारतातून भाच्याला बोलवायचा बेत असेल तर थांबा. एफ-१ व्हिसावर ही स्वस्ताई नाही.)

पण मुलं फक्त पैशासाठी जात नाहीत. कुणाला अजून विषयच ठरवता आलेला नसतो, कुणाचे अकरावीतले मार्क घसरलेले असतात. पुरेशी युनिटं झाली की यूसी कॉलेजातले ग्रेड बघते, शाळेतले नाही. शेवटी डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं. ॲपलचे वॉझ्निअकही डी अँझात शिकले होते, हे क्युपर्टिनोकरांना मी सांगावं लागू नये.

मात्र डोळे मिटून पाठवू नका. ट्रान्स्फर घ्यायचीच म्हणून आलेली कितीतरी मुलं मध्येच गळतात. कारण बहुधा साधं असतं: नोकरी वाढते, युनिटं कमी होतात, आणि घेतलेला गणिताचा कोर्स हव्या त्या डिग्रीला चालतच नाही. म्हणून पहिल्याच क्वार्टरला काउन्सेलरला भेटायला लावा आणि कुठला कोर्स कुठे धरला जातो हे 'असिस्ट'च्या साइटवर तपासा. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ इथे 'टॅग' करारानं अटी पाळल्या तर प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगोला ती नाही, आणि काही विषय बाकीच्या ठिकाणीही वगळलेले असतात. टॅगचा अर्ज ज्या वर्षी जायचं त्याच्या आदल्या सप्टेंबरात भरायचा असतो. तीस तारखेनंतर खिडकी बंद.