मामाची हॉट रॉड आणि तीन आकडे

"तू मेकॅनिकलची ना? मग सांग, कुठले टायर घेऊ?"

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यापासून नातेवाईक मला काय काय विचारतात याची यादी केली, तर मॅगझिनचा हा अख्खा सेक्शन भरेल. मिक्सर का जळला, गीझर किती लिटरचा घेऊ, लिफ्ट का थरथरते. पण सॅन होजेहून मामाने विचारलेला हा प्रश्न मात्र खरंच माझ्या ब्रँचचा होता. झालं असं, की मामाने तिकडच्या शेजाऱ्याबरोबर अर्धी-अर्धी वर्गणी काढून एक जुनी हॉट रॉड घेतली. १९३२ ची फोर्ड, पाच खिडक्यांची कूपे. व्हिडिओ कॉलवर पाहिली तेव्हा मी दोन मिनिटं बोललेच नाही. काळी कुळकुळीत, पुढचे मडगार्ड गायब, मागची चाकं मोठी आणि पुढची लहान, त्यामुळे नाक खाली घालून उभी असल्यासारखी. सही गाडी आहे!

ज्यांना हॉट रॉड म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा डळमळीत आहे, सांभाळून घ्या): १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तात मिळालेल्या जुन्या फोर्ड घ्यायची, वजन कमी करण्यासाठी मडगार्ड, बंपर, कधी काचसुद्धा काढून फेकायची, इंजिनात उचापती करायची आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर सुसाट पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून एक असोसिएशन काढली. युद्ध संपल्यावर परत आलेल्या सैनिकांमुळे हे वेड आणखी पसरलं आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. १९३२ ची फोर्ड या लोकांची लाडकी, कारण सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं व्ही-८ इंजिन त्या गाडीत पहिल्यांदा आलं. ६५ हॉर्सपॉवर! आज ऐकायला काहीच वाटत नाही, पण तेव्हा ते जाम होतं.

आता मामाचा प्रश्न. त्याला गाडीवर अगदी त्या काळातले दिसणारे टायर हवे होते. उभट, बारीक, आडव्या-तिडव्या दोऱ्यांचे, म्हणजे आपल्याकडे दुकानात ज्याला 'नायलॉन' म्हणतात ते. आणि असे चार टायर त्याला तिकडच्या जुन्या बाजारात मिळालेही होते. कधीच न वापरलेले, वर कागदाची पट्टीसुद्धा तशीच. "एकदम कोरे आहेत गं, आणि ओरिजिनल!" मामा खूष.

मी त्याला म्हटलं, "मामा, साइडवॉलवर डी.ओ.टी. अशी अक्षरं असतील. त्याच्यापुढचे शेवटचे आकडे वाच."

"तीन आकडे आहेत."

बास. माझ्यासाठी तिथेच विषय संपला होता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर २००० सालापासून शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. त्याआधी तीनच आकडे असायचे. म्हणजे मामाचे 'एकदम कोरे' टायर निदान माझ्यापेक्षा तरी वयाने मोठे होते. ते नक्की कुठल्या दशकातले हेही तीन आकड्यांवरून धड कळत नाही.

"पण वापरलेच नाहीत ना!" मामाचं म्हणणं. इथेच बहुतेकांची गल्लत होते. टायर झिजला की म्हातारा होतो असं आपण समजतो, कारण झीज डोळ्यांना दिसते. गोटा झालेला टायर कुणीही ओळखेल. पण रबर हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनमुळे नुसतं पडून राहूनही कडक आणि ठिसूळ होत जातं. ते होऊ नये म्हणून रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. गंमत म्हणजे टायर रस्त्यावर फिरला, दबला, सुटला, की ती पृष्ठभागावर येत राहतात. म्हणजे न वापरलेला टायर उलट जास्त उघडा पडतो. आणि वरच्या बारीक भेगा तरी दिसतात, पण आतल्या थरांमधली पकड सुटत चाललेली दिसायला काही मार्गच नाही. म्हणून कित्येक गाडी कंपन्या सांगतात, नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनी टायर बदला. आणि दहा वर्षांच्या पुढे तर टायर कंपन्याही जाऊ देत नाहीत.

'फास्ट अँड फ्युरियस'वाला पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला पोर्शेच्या ज्या अपघातात गेला, त्याचं मुख्य कारण वेग हेच होतं, तो स्वतः गाडी चालवतही नव्हता. पण तपासणाऱ्यांनी एक गोष्ट नोंदवली की त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. महागडी गाडी, जपून ठेवलेली, कमी चाललेली. अशाच गाड्यांच्या टायरांना नक्षी भरपूर असते आणि वयही भरपूर असतं.

हे सगळं मी मामाला तावातावाने सांगितलं, त्याला कारण आहे. माझ्या हनुवटीखाली चार टाक्यांची खूण आहे.

आमचं आजोळ कराडजवळ. आजोबांकडे एक जुनी जीप आहे, मामा गाडी चालवायला शिकला तो याच जीपवर. तिच्या टायरचा साइज ६.००-१६. हा साइज लक्षात ठेवा, कारण युद्धातल्या अमेरिकन जीपचा हाच साइज होता, त्या काळातल्या कित्येक फोर्डच्या सोळा इंची चाकांवरही हाच साइज बसायचा आणि आपल्याकडच्या अर्ध्याअधिक ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचाही हाच आहे. तर बारावीच्या सुट्टीत आम्ही जीपने साताऱ्याला निघालो होतो. हायवेला लागलो, सत्तरचा स्पीड असेल, आणि पुढचा डावा टायर फुटला. जीप डावीकडे ओढली गेली, आजोबांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं म्हणून कडेच्या मातीत जाऊन थांबली. माझी हनुवटी डॅशबोर्डवर. मागे आजी होती, तिला नुसतं खरचटलं. डावीकडे मातीऐवजी पूल असता तर काय, हा विचार मला नंतर खूप दिवस रात्री यायचा.

तो टायर ट्रॅक्टरचा होता. दुकानदाराने "जीपचाच साइज आहे, काका" म्हणून बसवून दिला होता. आणि साइज खरंच तोच होता! रिमवर छान बसला. पण टायरवर साइजशेजारी आणखी एक अक्षर असतं, वेगाचं. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर ते ए६ किंवा ए८ असं असतं. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. शेतातून घरी यायला पुरे. साध्या कारच्या टायरवर एस असलं तर १८०, एच असलं तर २१०. आम्ही चाळीसच्या टायरवर सत्तरने, मे महिन्याच्या दुपारी, चार माणसं घेऊन चाललो होतो. पुढे दुसऱ्या दुकानात मी हे अक्षर कुठे आहे म्हणून वाकून शोधत होते, तर दुकानदार माझ्या डोक्यावरून बाबांना विचारत होता, "सायेब, नायलॉन का रेडियल?" मेकॅनिकलच्या मुलींना हे रोजचंच आहे. असो.

तर नायलॉन का रेडियल? हॉट रॉडवाल्यांचंही सगळ्यात मोठं भांडण हेच. जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देत जातात, बाजेच्या विणीसारखे. बाजेवर बसलं की वीण कशी दबते आणि दोऱ्या एकमेकींवर घासतात, तसंच टायर जमिनीला टेकला की आत होतं. घासलं की उष्णता. शिवाय साइडवॉल आणि जमिनीला टेकणारा भाग एकाच विणीचे, त्यामुळे वळणावर एक वाकला की दुसराही वाकडा होतो. रस्त्यात चर असली की गाडी त्या चरीच्या मागे जाते. रात्रभर उभी राहिली की टायरचा टेकलेला भाग सपाट होतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धपधप करत चालते. रेडियलमध्ये दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि त्यांच्यावर, नक्षीच्या खाली, पोलादी पट्टा गोल फिरतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते ना, तशी धाव, फक्त रबराच्या पोटात. साइडवॉल खुशाल लवचिक राहते आणि टेकणारा भाग सपाट राहतो. मिशेलिनने याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, पण अमेरिकेत रेडियल खऱ्या अर्थाने रुळले ते १९७० च्या दशकात. म्हणजे हॉट रॉडचा सुवर्णकाळ पूर्ण नायलॉनवर गेला. म्हणूनच मामाला तेच हवे होते.

माझं मत विचाराल तर, यात एक मोठा विनोद आहे. म्युरॉकच्या पोरांनी हेन्री फोर्डची गाडी जपून ठेवली नव्हती, कापली होती! ओरिजिनल ठेवायची असती तर मडगार्ड का फेकले असते? त्यांना त्या दिवशी, त्या पैशात जे जास्तीत जास्त चांगलं मिळालं ते त्यांनी लावलं. मागची मोठी चाकंसुद्धा फॅशन म्हणून आली नाहीत. मागचा टायर २८ ऐवजी ३० इंच व्यासाचा लावला तर त्याच वेगाला इंजिनचे फेरे साधारण सात टक्क्यांनी कमी होतात, म्हणजे टॉप स्पीड वाढायला जागा मिळते. (आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ला असते, हे मामाला आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर तिकडचा पोलिस सांगेल.) त्या पोरांना १९३९ साली कुणी रेडियल दिले असते तर त्यांनी रात्रीत बसवले असते. त्यामुळे परंपरेच्या नावाखाली नायलॉनचा हट्ट धरणं ही हॉट रॉडची परंपराच नाही, असं मला वाटतं.

शिवाय मामाच्या गाडीत ते ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन नाहीच. आधीच्या मालकाने शेवरोलेचं ३५० बसवलंय, ५.७ लिटर. इंजिन नवं चालतं, ब्रेक नवे चालतात आणि टायर मात्र आजोबांच्या काळातले? जमिनीला टेकतात ते चार टायरच ना! मामा काही गाडी नुसती प्रदर्शनात उभी करणार नाहीये. रविवारी मामी आणि माझ्या दहा वर्षांच्या मामेबहिणीला घेऊन फ्रीवेवरून ताशी शंभरने जाणार आहे. गाडी ट्रेलरवरून शोला नेऊन ट्रेलरवरूनच परत आणणार असाल तर खुशाल नायलॉन लावा. तेही नवे बनवलेले. अमेरिकेत जुन्या साच्यांच्या डिझाइनचे टायर आजही नव्याने बनवून विकतात. टेनेसीमधलं कोकर टायर यासाठीच प्रसिद्ध आहे. नायलॉनसारखे दिसणारे पण आतून रेडियल असलेले टायरसुद्धा मिळतात, हे कळल्यावर मामाचा चेहरा जरा उजळला.

मग मामाने तडजोड काढली: मागे रेडियल, पुढे शोभेला बारीक नायलॉन. हे मला पटलं नाही, पण एक मान्य करावं लागेल की निदान क्रम तरी बरोबर होता. याच्या उलट, पुढे रेडियल आणि मागे नायलॉन, हे कधीच करू नये. रेडियल वळणावर जास्त घट्ट धरतो. पुढचं चाक धरतं, मागचं घसरतं आणि गाडी शेपूट फिरवते. ब्रिटनमध्ये तर हे मिश्रण कायद्यानेच बंद आहे. आपल्याकडे गावाकडे "स्टिअरिंगला चांगले टायर टाक" म्हणून दोनच नवे रेडियल घेऊन पुढे टाकतात आणि मागे तेच जुने नायलॉन ठेवतात, तेव्हा नेमकं हेच होतं. आणि एकाच ॲक्सलवर एक हा आणि एक तो असं तर स्टेपनी लावतानाही करू नये.

शेवटी तीन व्हिडिओ कॉल आणि माझी एक ओरल बुडता बुडता वाचल्यानंतर मामाने चारही रेडियल मागवले. रिम जुने आहेत, जोडावर रिव्हेट असलेले, तिथून हवा जाऊ शकते, म्हणून आत ट्यूब टाकायची आणि तीही रेडियलचीच, हेही त्याने वहीत लिहून घेतलं. बॉक्स आल्यावर त्याने सगळ्यात आधी आकडे बघितले. चार आकडे, चारही टायर एकाच वर्षाचे. त्या जुन्या कोऱ्या टायरांपैकी एक त्याने गॅरेजच्या भिंतीवर टांगलाय. दिसतो मात्र भारी. आता वाद फक्त पांढरा पट्टा किती रुंद हवा एवढाच उरलाय आणि त्यात मी पडत नाही.

आजोबांच्या जीपला पुढे-मागे नवे टायर टाकून दोन वर्षं झाली. फोनवर विचारलं तर म्हणाले, "स्टेपनीला तो ट्रॅक्टरचाच ठेवलाय गं, अडीअडचणीला." दिवाळीत जाईन तेव्हा बघते.