नोंदणी झाली, पुढे काय?

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या पदवीधराने महास्वयं या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवले की सरकारच्या लेखी काम झालेले असते. त्याच्या लेखी ते सुरूही झालेले नसते. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवायला लावल्या, पण त्या सेवायोजन कार्यालयामार्फतच भरण्याची सक्ती केली नाही. मग मालक ओळखीतलाच माणूस घेणार. याच जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने मात्र, 1977 च्या कायद्यानुसार, 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता असे बंधन सरकारवरच घातले. ते अकुशल कामापुरते होते, पदवीधराला त्याचा काय उपयोग, हा आक्षेप रास्तच. पण उचलायची ती मुदतीची कल्पना, कुदळ नव्हे: नोंदणीनंतर 15 दिवसांत समुपदेशकाची भेट आणि जवळच्या कारखान्यात मुलाखत. नोकऱ्याच कमी असतील तर कार्यालय त्या निर्माण करणार नाही, हे खरे; निदान असलेल्या जागा ओळखीबाहेरच्यालाही कळतील.