बीज तपासले, भूमीचे काय?

१८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात वारंवार पसरला होता, प्लीहेत मात्र क्वचितच. कर्करोगाची पेशी हे बीज असेल, तर ते रुजण्यास अनुकूल भूमीही लागते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शेतकऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही!

पुढील शतकात संशोधकांनी प्रामुख्याने बीजच तपासले. सपाट बशीत वाढवलेल्या पेशींवर औषध गुणकारी ठरे. रुग्णाच्या शरीरात ते निष्प्रभ होई. १९९७ मध्ये इराणमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञ मीना बिसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिमितीय जेलमध्ये वाढवलेल्या कर्कपेशींचा भोवतालाशी असलेला एक दुवा प्रतिपिंडाने रोखला. जनुकीय दोष कायम असूनही त्या पेशी निरोगी पेशींप्रमाणे शिस्तीने रचल्या गेल्या. पॅजेट यांच्या विचारास प्रयोगाचे बळ मिळाले.

आज अभियंते प्रयोगशाळेत ही भूमीच घडवू पाहत आहेत. रुग्णाच्या पेशींपासून वाढवलेला अर्बुदाचा सूक्ष्म गोळा, भोवती आधार-ऊती, रक्तवाहिन्यांसारख्या बारीक नलिका आणि त्यांतून वाहणारे औषध, अशी ही रचना असते. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा बदलून आणि भारताने २०२३ मध्ये औषधचाचणी नियमांत दुरुस्ती करून अशा पद्धतींना वाट मोकळी केली. हे स्वागतार्हच होय.

परंतु खरा प्रश्न निराळाच आहे. या प्रतिकृतींत भूमी कोणाची? तंबाखू आणि सुपारीमुळे होणारा मुखाचा कर्करोग हे आपल्या समाजाचे दुखणे आहे. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील ऊती ताठर होतात, तोंड उघडेनासे होते आणि अशा ताठर भूमीत पुढे कर्करोग उद्भवू शकतो. परदेशी रुग्णांच्या ऊतींवरून बेतलेल्या प्रतिकृतीत हा ताठरपणा कोठून येणार? तो येथील रुग्णांच्या ऊतींवरून येथील अभियंते व वैद्यांनीच घडवला पाहिजे. त्यासाठी रुग्णालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामधील भिंत पाडावी लागेल, रुग्णाच्या संमतीने ऊती जतन कराव्या लागतील आणि दीर्घकाळ धीर धरावा लागेल.

अर्थात, प्रतिकृती म्हणजे रुग्ण नव्हे, हे विसरून चालणार नाही. चिप कितीही सरस झाली, तरी भूमी मुळातच बिघडू न देणे हे काम प्रयोगशाळेचे नाही. ते घराघरांतील सुपारीच्या डबीपासूनच सुरू होते.