जुगाड म्हणू नका

सातारा-सांगलीकडच्या माणसानं घरी काही घडवलं, की शिकलेली मंडळी त्याला 'जुगाड' म्हणून मोकळी होतात. कौतुकानंच म्हणतात, पण त्या शब्दात शाबासकी थोडी आणि पायरी दाखवणं जास्त. कारखान्यात होतं ते इंजिनिअरिंग, भात्यापुढं होतं ते जुगाड! हा न्याय कुणी ठरवला?

आमच्या चुलत्यांकडं जुनी जीप होती. दुकानदार म्हणायचा, "ह्यो माल आता येत न्हाई आण्णा, भंगारात घाला." आण्णांनी गाडी घातली ती लेथवाल्याच्या दारात. सातवीतनं शाळा सोडलेला तो माणूस. झिजलेल्या बुशचं माप घेतलं तर झीजही मापात येते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं आधी पिन गोल करून घेतली, मग तिच्या मापाचा गनमेटलचा बुश कातला, आत तेलासाठी चर पाडला. पॅकिंगचा कागद इंजिनच्या कडेवर धरून हातोडीनं ठोकत ठोकत कापला. कमान पाट्याचा बाक गेला होता, तो लोहारानं भट्टीत बसवला. लाल पाटा तेलात विझवायचा. पण पुन्हा बेतानं तापवला नाही, तर तो काचेगत तडकतो. ही विद्या नाही तर काय?

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी ती पाहिली, नियमात बसत नसल्यानं ती आज ना उद्या अडवली जाईल म्हणाले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात बोलेरो दारात आली. महिंद्रांची दिलदारी मोठीच. पण सरकारचं काय? घडवणाऱ्याला नवी गाडी मिळाली. त्याच्या हाताला परवाना मिळाला का?

"मग ब्रेकही घरीच घडवायचे काय?" असं कुणी विचारेल. नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्याचा जीव. तिथं हौस नको. पण बुश, पॅकिंग, बिजागरी, पत्र्याचा मडगार्ड यांना तो नियम कशाला? आणि जोखमीचा भाग असेल, तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये तो तपासा, शिक्का द्या, फी घ्या. एकेक नग करणाऱ्या कारागिरानं कुठं जायचं, याचं उत्तर कायद्यानं द्यायला नको?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. लोखंडी नांगरानं जमीन नासते, असं म्हणणारे शेतकरी तेव्हाही होते. त्या माळाला औंधच्या राजानं आसरा दिला, म्हणून कारखाना झाला. आसरा नसता, तर किर्लोस्करांच्या नांगरालाही आपण जुगाडच म्हटलं असतं.

बारा बलुत्यांत लोहार होता, सुगीला त्याच्या पदरात धान्य पडत होतं. आज बलुतं गेलं आणि सर्टिफिकेटही आलं नाही. ऐरणीवर मात्र अजून घण पडतोय. तो थांबला, तर जुन्या गाड्या भंगारात जातील. पण त्याआधी ते हात भंगारात गेलेले असतील, आणि तो स्पेअर पार्ट कुठल्याच दुकानात मिळायचा नाही.