‘वेचून रायली’ला फळ्यावर जागा द्या

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या आमच्या शाळेत हजेरी रोडावायची. वावरात डबा पोचवून उशिरा आलेल्या दहावीतल्या एका पोराला मी हटकलं. तो म्हणाला, ‘सर, माय सकायपासून कापूस वेचून रायली.’ मग वेचला किती? ‘वीस किलो वेचला ना तिनं!’

दोन्ही वाक्यं मी तशीच फळ्यावर लिहिली. वेचाईचे पैसे किलोवर मिळतात. किलो सांगायचे तर ‘हॅज पिक्ड ट्वेंटी किलोज’. माय अजून वाकूनच आहे, हे सांगायचं तर ‘हॅज बीन पिकिंग’. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतका स्वच्छ फरक मला एकाही गाइडात सापडला नाही.

गाइडात काय असतं? ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसलं की ठोका ‘हॅव बीन’ आणि क्रियापदाला ‘आयएनजी’. रिकाम्या जागा भरताना हे खपून जातं. मग पोरगं निबंधात लिहितं, ‘आय हॅव बीन नोइंग हिम फॉर फाइव्ह इयर्स’. गुण जातात आणि चूक काय ते त्याला कळत नाही. सूत्र तर त्यानं इमानेइतबारे पाळलेलं असतं. तेच वाक्य वऱ्हाडीत म्हणायला लावा: ‘मी त्याले पाच वर्षांपासून ओयखून रायलो.’ अख्खा वर्ग हसतो. ओळखणं काही दिवसभर करत बसायचं काम नव्हे. तिथं ‘ओयखतो’च हवं, म्हणून ‘हॅव नोन’.

‘रायलो’ सगळीकडे कामी येतो असंही नाही. ‘जेवून रायलो’ म्हणजे नुसतं ‘अ‍ॅम ईटिंग’. ‘पासून’ सोबत आला, तरच ‘हॅव बीन’. हे विसरल्यामुळेच ‘आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू अवर्स’ जन्माला येतं. आणि ‘लिव्ह’, ‘वर्क’ यांना बरेचदा दोन्ही रूपं चालतात. तिथं गुण कापणाऱ्यांनी जरा हात आखडावा.

28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचं उद्‌घाटन झालं, तेव्हा वर्गाला आयतं उदाहरण मिळालं. कळंबपर्यंतचा मार्ग ‘दे हॅव बिल्ट’. नांदेडपर्यंतचा 284 किलोमीटरचा सगळा मार्ग मात्र ‘दे हॅव बीन बिल्डिंग फॉर फिफ्टीन इयर्स’. यवतमाळच्या पोरांना हा काळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या जन्माआधीपासून तो चालू आहे.

एका प्रशिक्षणात मला बजावलं होतं, ‘फळ्यावर बोली नको, मुलं बिघडतात.’ मी मान डोलावली आणि परत येऊन ‘रायली’च लिहिलं. पहिलीपासून इंग्रजी येऊन पाव शतक झालं, तरी पोरांच्या तोंडातलं हे आयतं व्याकरण आपण वर्गाच्या दाराबाहेर चपलांसोबत ठेवायला लावतो.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या तरुण सोबत्यांनो, उद्या एखादं पोरगं ‘करून रायलो’ म्हणालं, तर त्याला टोकण्याआधी ते फळ्यावर लिहून पाहा.